विश्लेषण : रानातला तो दगडी गोल यज्ञकुंड नव्हे, चुन्याची घाणी! खान्देशातील जुने अवशेष कसे ओळखायचे?

जळगाव-धुळ्याच्या रानात गवताआड दिसणारे दगडी हौद, वर्तुळे, चर आणि खांब अनेकदा ‘पांडवकालीन’ किंवा ‘खजिन्याची जागा’ ठरतात. प्रत्यक्षात त्यातले बरेचसे कुणाची तरी कामाची जागा होते. ते ओळखायचे कसे आणि ओळखून उपयोग काय?

पाऊस उघडला की लळिंगचे कुरण, पाटणादेवीचे जंगल किंवा सातपुड्याचा पायथा पाहायला निघणाऱ्यांची संख्या वाढते. वाट सोडून थोडे आत गेले की घाणेरीच्या जाळीत एखादा घडीव दगड दिसतो. कुठे दगडात कोरल्यासारखा गोल चर, कुठे दोन दगडी खांब, कुठे कोरडा हौद. फोटो निघतो, ग्रुपवर पडतो आणि उत्तरे येऊ लागतात : यज्ञकुंड आहे, हेमाडपंती आहे, भुयाराचे तोंड आहे, खाली धन आहे. या शेवटच्या उत्तराचे परिणाम वाईट असतात. गुप्तधनाच्या आशेने रात्रीतून कुदळ पडते, दगड उलटे होतात आणि जे दोनशे वर्षे टिकले ते एका रात्रीत जाते. खणणाऱ्याच्या हाती मात्र काहीच लागत नाही, कारण तिथे धन नव्हतेच. तिथे काम चालत होते.

मुळात जंगलात शेतीचे आणि कारखान्याचे अवशेष आले कुठून?

आपला समज असा की जंगल जुने आणि माणसाची वस्ती नवी. खान्देशात अनेक ठिकाणी याच्या उलट घडले आहे. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेच्या लुटीने हा मुलूख उद्ध्वस्त झाला. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला, पेंढाऱ्यांचा उपद्रव सुरू राहिला. गावेच्या गावे उठली. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल बसला तेव्हा खान्देशातली बरीच गावे ओसाड होती आणि पिकाऊ जमिनीवर झाडोरा माजला होता. महसुली दप्तरात अशा गावांसाठी ‘बेचिराग’ हा शब्द आहे. चिराग म्हणजे दिवा. जिथे संध्याकाळी दिवा लागत नाही, ते गाव बेचिराग. पुढे यातल्या काही जमिनी पुन्हा कसल्या गेल्या, काही रानातच राहिल्या. म्हणून आज अंजन आणि सलईच्या झाडांत विहीर सापडली, तर जंगलात विहीर कुणी खोदली असा प्रश्न पडायला नको. वावरात विहीर होती, रान तिच्याभोवती नंतर वाढले.

उठलेल्या गावाची जागा ओळखण्याची खूण आपल्या भाषेतच आहे. शेतजमिनीला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात. मातीच्या भिंती, राख आणि शेण शतकानुशतके मिसळून गावठाणाची माती फिकट होते. काळ्या रानात एकदम पांढुरकी, उंचवट्याची माती, तिच्यात खापराचे तुकडे आणि जवळ चिंचेची किंवा कडुनिंबाची जुनी झाडे दिसली, तर बहुधा तिथे गाव होते.

अवशेष ओळखण्याची सुरुवात कशी करावी?

जुना अवशेष यंत्रासारखा वाचावा. त्यासाठी तीन प्रश्न पुरतात. पहिला, इथे जोर कशाचा होता : माणसाचा, बैलाचा, वाहत्या पाण्याचा की वाफेचा? दुसरा, पाणी किंवा कच्चा माल कुठून येत होता? तिसरा, तयार माल कोणत्या दिशेने जात होता? देवळाला या प्रश्नांची उत्तरे नसतात, कामाच्या जागेला असतातच. बैल असेल तर त्याला चालायला जागा हवी, वाफ असेल तर बॉयलर, धुराडे आणि पाणी हवे. एक भाग सापडला की दुसरा कुठे असावा याचा अंदाज करता येतो आणि तो तिथे सापडला तर ओळख पक्की होते.

दगडी गोल चर म्हणजे नेमके काय?

सर्वाधिक चुकीची ओळख होते ती चुन्याच्या घाणीची. जमिनीत दगडांनी बांधलेला गोल चर असतो. मधोमध खुंट रोवण्याची खाच किंवा दगड असतो. चराच्या आत उभे फिरणारे जड दगडी चाक असे. खुंटाला जोडलेल्या आडव्या लाकडाने बैल ते ओढत. चरात भाजलेला चुना, वाळू आणि पाणी घालून तासन्तास मळले जाई. कधी विटांची भुकटी, म्हणजे सुरखीही मिसळत. सिमेंट येण्याआधी किल्ला, बंधारा, पूल, वाडा असे सगळे मोठे बांधकाम याच चुन्यात होत असे. लाकूड कुजून जाते, उरतो गोल चर आणि मध्ये भोक असलेले दगडी चाक. बैलाच्या फिरण्याची वाट चराच्या बाहेरून असते, म्हणून बाहेरची जमीन सपाट आणि घट्ट दिसते.

तेलाचा घाणा वेगळा. त्याचा दगड मोठ्या उखळासारखा उभा आणि मधून खोल असतो. त्याला गोल चर नसतो. उखळासारखा दगड एकटा सापडला तर तेल, पन्हाळीसारखा गोल चर सापडला तर चुना, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

घाणी सापडली की पुढचा शोध सोपा होतो. मळलेला चुना लांब नेणे परवडत नसे. म्हणजे जवळच काही तरी मोठे बांधले गेले होते. काम संपल्यावर घाणी तिथेच सोडली जाई. त्याच परिसरात नाल्याच्या दरडीत खोदलेली चुनाभट्टीही असू शकते : वरून भरायचे तोंड, खालून हवेचे भोक, आतली माती भाजून लाल आणि कडेला पांढरट साका. खान्देशातल्या नदीनाल्यांच्या काठच्या मातीत चुनखडीचे खडे मुबलक, सरपण रानातच, त्यामुळे भट्ट्याही रानात लागत. याचा पुरावा चक्क कायद्यात आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ मध्ये राखीव वनात करू नयेत अशा कामांच्या यादीत दगड काढण्याबरोबर चुना भाजणे आणि कोळसा पाडणे यांची नावे घेऊन नोंद आहे. बंदी घालावी लागली, कारण ते सर्रास चालत होते.

मोटेची विहीर पाहून काय कळते?

विहिरीच्या काठावर दोन उभे दगडी किंवा लाकडी खांब, खाली पाणी ओतायची दगडी कुंडी आणि समोर विहिरीपासून दूर जाणारी उतरती वाट दिसली, तर ती मोटेची विहीर. कुंडीला थारोळे आणि बैलांच्या उतरत्या वाटेला धाव म्हणतात. बैल उतारावरून पुढे जात तेव्हा भरलेली मोट वर येई. त्यांचे वजनच ओढायला मदत करे. मागे येताना रिकामी मोट खाली जाई. नाड्याने घासून दगडाच्या कडेला खोल खाचा पडलेल्या असतील, तर विहिरीने अनेक पिढ्या पाहिल्या आहेत.

यातला सर्वांत उपयोगी भाग म्हणजे धाव. बैल जेवढे पुढे चालतील तेवढीच मोट वर येणार, हे साधे गणित आहे. म्हणून धावेची लांबी ही मोट पाण्यापासून थारोळ्यापर्यंत जितकी वर चढायची, साधारण तितकी ठेवावी लागे. समजा, धाव १२ मीटर भरली आणि थारोळे जमिनीपासून एक मीटर उंच असेल, तर ती बांधली तेव्हा उन्हाळ्यातले पाणी साधारण ११ मीटरवर गृहीत धरले होते. पुढे विहीर खोल केली असेल तर धावही वाढवलेली दिसते. तिचा जोड वेगळ्या दगडांवरून ओळखू येतो.

यावल, रावेर हे केळीचे तालुके. केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यांकनात ते अतिशोषित वर्गात नोंदले गेले आहेत आणि तिथल्या कूपनलिका शेकडो फूट खाली जातात. त्याच पट्ट्यात पडक्या मोटेची धाव टेप लावून मोजली, तर आजोबा-पणजोबांच्या काळी पाणी किती वर होते याची दगडात बांधलेली नोंद हाती येते. अशा दहा-वीस धावा मोजल्या तर गावाच्या भूजलाचा इतिहास उभा राहतो.

विहिरीशेजारी विटांची छोटी खोली, जमिनीवर बोल्ट बसवलेला चौथरा आणि भिंतीत धुराच्या नळीचे भोक असेल, तर ते इंजिनघर. मोटेनंतर तेलावर चालणारे इंजिन आणि त्यानंतर विजेची मोटर, हा बदल एकाच विहिरीवर एकावर एक वाचता येतो.

पायवाट आणि पाट यांत फरक कसा करायचा?

पायवाट चढते-उतरते. पाट चढत नाही. तो टेकडीच्या कुशीतून जवळपास सपाट, अगदी थोडा उतार घेत वळत जातो. उन्हाळ्यात उपग्रह नकाशावर पाहिले तर कोरड्या रानात करंज, उंबर, जांभळाची हिरवी रेघ दिसते. ओल धरून ठेवणाऱ्या जुन्या पाटावर अशी झाडे टिकतात. रेघ वरच्या बाजूला नदीपर्यंत मागे नेली की बंधाऱ्याचा दगडी अवशेष सापडण्याची शक्यता असते.

धुळे जिल्ह्यात याला विशेष महत्त्व आहे. साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी, तसेच शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम आणि आरम नद्यांवर फड पद्धतीची सिंचन व्यवस्था शतकानुशतके चालली. नदीपात्रातल्या खडकावर दगड-चुन्याचा बंधारा, एका काठाने पाट आणि खाली भिजणारे क्षेत्र, म्हणजे थळ. थळाचे मोठे भाग पाडले जात. प्रत्येक भाग म्हणजे फड आणि एका फडात त्या हंगामात सगळ्यांचे एकच पीक. उसाचा फड पुढच्या फेरीत दुसऱ्या पिकाला जाई. पाणी वाटायला पाटकरी, पीक राखायला जागल्या, दोघांचाही मोबदला शेतकरी मिळून देत. पाटातला गाळ सर्वांनी मिळून काढायचा, असा शिरस्ता होता. वरच्या बाजूला धरणे झाली, विहिरी-पंप आले, प्रत्येकाला आपले पीक निवडायचे स्वातंत्र्य हवे झाले आणि बरेच फड मोडले. रानात शिरलेला तुटका पाट अनेकदा त्याच व्यवस्थेचा तुकडा असतो.

सगळ्याच जुन्या बंधाऱ्यांचे अवशेष झाले असे नाही. चाळीसगाव तालुक्यात गिरणेवरचा जामदा बंधारा ब्रिटिशकाळातला, पण त्याचे कालवे आजही वापरात आहेत. टिकणे आणि पडणे यातला फरक अनेकदा देखभालीचा असतो.

ओळीने एकामागून एक गोल तोंडे दिसली, तर त्या वेगवेगळ्या विहिरी नसून खालून जाणाऱ्या एकाच भुयारी कालव्याची तोंडे असू शकतात. खान्देशची जुनी राजधानी बऱ्हाणपूर इथला मोगलकालीन कुंडी भंडारा याचे उत्तम उदाहरण आहे.

पायऱ्यांसारखे एकाखाली एक हौद कशाचे?

ते निळीचे असू शकतात. निळीची झुडपे वरच्या हौदात भिजत घालत. आंबलेले पाणी खालच्या हौदात सोडून घुसळत, म्हणजे निळीचा गाळ तळाशी बसे. त्यामुळे दोन हौद, त्यांच्या पातळीत फरक आणि मध्ये पाणी सोडण्याचे भोक अशी रचना असते. खान्देशात फैजपूर रंगकामासाठी आणि एरंडोल हातकागदासाठी नावाजलेले होते. रंगारी आणि कागदी या दोन्ही व्यवसायांना हौद लागत. मात्र कागदाच्या कामाला असे पायऱ्यांचे जोडहौद लागत नाहीत, म्हणून पातळीतला फरक ही महत्त्वाची खूण.

विटांचे उंच धुराडे एकटेच का उभे असते?

कारण बाकीचे विकले गेले. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि खान्देशी कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात भुसावळमार्गे रेल्वे पुढे गेली. सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस ठिकठिकाणी उभे राहिले. १८७० च्या दशकात जळगावात खान्देश मिल, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमळनेरात प्रताप मिल आली. जळगावच्या मिलच्या जागेवर आता व्यापारी संकुल आहे. गावोगावच्या जिनांची लोखंडी यंत्रे आणि पत्रे भंगारात गेले. धुराडे पाडणे खर्चाचे आणि धोक्याचे, म्हणून ते राहिले. आवारात वेडी बाभूळ आणि भिंतीत पिंपळ वाढला.

इथे तीन प्रश्न पुन्हा लावा. धुराड्याच्या पायथ्याशी बॉयलरची जागा, तिच्याजवळ विहीर किंवा टाकी, पुढे लांबट शेड म्हणजे जिन. शेडच्या भिंतीवर एका रेषेत लोखंडी कंस असतील, तर त्यावरून सगळ्या यंत्रांना पट्ट्याने फिरवणारा लांब दांडा जात होता. शेजारची उंच, जाड भिंतींची इमारत म्हणजे प्रेस. दरवाजा ज्या बाजूला मोठा, त्या बाजूला बैलगाड्यांचा रस्ता किंवा स्टेशन.

अवशेष किती जुना हे कसे ठरवायचे?

दगडावरून वय सांगणे अवघड, विटेवरून आणि लोखंडावरून सोपे. पातळ, चपट्या विटा साधारण जुन्या, सुमारे नऊ इंची जाड विटा इंग्रजी अमदानीतल्या किंवा नंतरच्या. दरवाजावर आडवा टाकलेला लोखंडी रूळ दिसला तर त्याची बाजू साफ न करता नीट पाहा. रुळांवर बनवणाऱ्याचे नाव आणि वर्ष उठावात असते. बांधकाम त्या वर्षानंतरचेच. ओतीव लोखंडाच्या भागांवरही कारखान्याचे आणि शहराचे नाव असते. एक सावधगिरी मात्र हवी : जुने दगड आणि रूळ नव्या बांधकामात सर्रास वापरले जातात. एका दगडावरून सबंध वास्तूचे वय ठरवू नये.

अवशेष शेकडो वर्षांचेच असतात असेही नाही. पाचोरा-जामनेर ही ५६ किलोमीटरची नॅरोगेज गाडी २०२० मध्ये कोविडकाळात थांबली. तिच्या वाटेवरच्या खुणा आज सर्वांना ओळखू येतात. आणखी तीस वर्षांनी गवतातला तिचा भराव पाहून कुणी पाट म्हणेल, कुणी तटबंदी. नोंद करायची वेळ लोकांच्या आठवणी जिवंत असतानाच असते.

कागदावर पडताळणी कुठे होते?

पहिला आधार म्हणजे १८८० चा खान्देश जिल्ह्याचा गॅझेटियर. त्यात गावे, बंधारे, तलाव, उद्योग यांची नावानिशी माहिती आहे. खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले, त्यामुळे त्याआधीच्या दप्तरात जळगाव आणि धुळे एकत्रच शोधावे लागतात. दुसरा आधार सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे. विहिरी, पडकी वस्ती, जुने रस्ते त्यात दाखवलेले असतात. तिसरा, भूमी अभिलेखचा गाव नकाशा आणि सातबारा. पाट किंवा तलावाखालची जमीन ‘पोटखराब’ म्हणून, तर विहिरीचा हिस्सा ‘इतर हक्क’ रकान्यात दिसू शकतो. धुळ्यात १९२७ पासूनचे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे. खान्देशाच्या इतिहासाच्या अभ्यासाचे ते हक्काचे ठिकाण. आणि सर्वांत आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे. ‘जुने जिन’, ‘चुनाभट्टी’, ‘पाटाची वाट’ अशी शिवारातली नावे निम्मे उत्तर देऊन जातात.

खाली खरेच काही सापडले तर?

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. गुप्तधनासाठी अघोरी कृत्य करणे हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. राखीव वनात दगड काढणेही गुन्हाच. गौताळा, यावल, अनेर धरण ही अभयारण्ये आहेत. तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय फिरू नये.

कायद्याची दुसरी बाजू कमकुवत आहे. किल्ले, लेणी, मंदिरे संरक्षित यादीत येतात. चुन्याची घाणी, मोटेची धाव, जिनचे धुराडे सहसा येत नाहीत. त्यांचे रक्षण करणारे एकच साधन उरते, ते म्हणजे ओळख. ‘ही चुन्याची घाणी आहे’ असे गावाला माहीत असले की तिथे खजिना शोधायला कुणी जात नाही.

पाहायला जाताना काय काळजी घ्यावी?

एकटे जाऊ नये आणि पावसाळ्यानंतर उंच गवतात पाय टाकण्याआधी काठीने चाचपावे. कठडा नसलेली विहीर शेवटच्या पावलापर्यंत दिसत नाही. बिबट्यासारखे चपळ जनावरही अशा विहिरीत पडते. भट्टीच्या आत, धुराड्याच्या पायथ्याशी आणि पिंपळाने फोडलेल्या भिंतीखाली थांबू नये. दगड हलवू नये. तो जिथे आहे त्या जागेमुळेच त्याला अर्थ आहे.

नोंद करायला फोन पुरेसा आहे. लांबून एक, जवळून एक आणि शेजारी टेप ठेवून एक असे तीन फोटो, जीपीएस स्थान, लांबी-रुंदी-खोली आणि पाणी कोणत्या दिशेला आहे ते लिहावे. ही नोंद सार्वजनिक ग्रुपवर टाकण्याआधी ग्रामपंचायत, वन परिक्षेत्र अधिकारी किंवा पुरातत्त्व विभागाकडे द्यावी.

मग यातून हाती काय लागते?

धन नाही, पण पाणी लागू शकते. आपल्या पूर्वजांनी बंधाऱ्यासाठी जागा निवडली ती पंप नसताना, फक्त उतार आणि खडक पाहून. तो उतार आणि तो खडक आजही तिथेच आहेत. एखाद्या गावाला पाणलोटाचे काम करायचे असेल, तर रानातला मोडका पाट हे त्या कामाचे आयते सर्वेक्षण ठरू शकते. पणजोबांनी ते करून ठेवले आहे. ते कुदळीने उकरण्याऐवजी टेपने मोजले, तर पुढच्या उन्हाळ्यात कामाला येईल.